५६के मॉडेम ५६ वर का चालत नसे? डायल-अपच्या वेगमर्यादेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९९९ ते २००५ या काळात मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सायबर कॅफे चालवायचो. चार संगणक, दोन फोन लाइनी, दोन मॉडेम. मॉडेम म्हणजे संगणकाचे आकडे आवाजात बदलून फोनच्या तारेवरून पाठवणारं यंत्र, आणि त्याने फोन लावून इंटरनेट घेणं म्हणजे डायल-अप. जुने संगणक जमवणारी मुलं आणि दूरसंचार शिकणारे विद्यार्थी अजूनही त्या मॉडेमबद्दल विचारतात. त्यांच्या प्रश्नांमध्ये एक समज हटकून असतो, की वेग कायद्याने अडवून ठेवला होता. अर्धं खरं आहे ते. उरलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं आहे, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

मॉडेमवर ५६के, म्हणजे सेकंदाला ५६,००० बिट, छापलेलं असायचं, मग कनेक्शन ५६,००० वर का लागत नसे?

दोन कारणं. अमेरिकेत सरकारी नियमामुळे डाउनलोडचा वेग सेकंदाला ५३,३३३ बिटच्या वर जाऊ शकत नव्हता. त्याच्या खाली तो किती घसरायचा ते तुमच्या घरापासून टेलिफोन एक्स्चेंजपर्यंतची तांब्याच्या दोन तारांची जोडी ठरवायची. कायद्याने वरचे फक्त दोन टप्पे कापले, बाकी सगळी कापाकापी तारेची. माझ्या कॅफेत कोरड्या दिवसांत ४४,००० लागायचं आणि तेवढ्यावर मी खूश असायचो.

५३.३ हा आकडा नेमका आला कुठून?

अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामक आयोगाच्या नियमावलीतला भाग ६८ फोनच्या तारेला काय जोडता येईल ते ठरवतो. त्यात वेगाबद्दल एक शब्दही नाही. त्या काळी मर्यादा होती ती ताकदीवर. डिजिटल रूपातून जो आवाज तारेवर उतरतो, त्याची सरासरी ताकद कुठल्याही तीन सेकंदांत उणे १२ डीबीएमच्या वर जाता कामा नये. उणे १२ डीबीएम म्हणजे एका मिलिवॅटचा साधारण सोळावा भाग.

ताकदीची मर्यादा वेगाची मर्यादा कशी झाली, हे समजण्यासाठी एक जिना डोळ्यांसमोर आणा. डिजिटल एक्स्चेंज तुमचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजतं आणि प्रत्येक मोजमापाला २५६ पायऱ्यांपैकी एक पायरी देतं. या पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नसतात. हळू आवाजही नीट कळावा म्हणून शून्याजवळच्या पायऱ्या अगदी दाटीवाटीने बसवलेल्या असतात, आणि वर जावं तशी दोन पायऱ्यांमधली उंची वाढत जाते. ५६के मॉडेम याच पायऱ्या अक्षरांसारख्या वापरतो. इंटरनेट कंपनीकडचं यंत्र ठरावीक पायरी पाठवतं, आणि घरचा मॉडेम ती कोणती होती ते ओळखतो. खालच्या पायऱ्या इतक्या जवळजवळ असतात की तारेवरच्या जराशा खरखरीत त्या एकमेकींत मिसळून जातात. स्पष्ट ओळखू येतात त्या वरच्या. पण वरच्या पायरीवर जायचं म्हणजे जास्त ताकद लागते, आणि ताकदीला तर कुंपण आहे.

व्ही.९० या ५६के मॉडेमच्या आंतरराष्ट्रीय मानकात सहा मोजमापांचा एक गट धरतात. त्या गटात ४२ बिट बसले की ५६,००० होतात, ४० बसले की ५३,३३३. उणे १२ डीबीएमच्या कुंपणात राहून ४० पर्यंतच पोचता येत होतं. एवढंच गणित आहे. मॉडेमच्या खोक्यावर तारांकित बारीक अक्षरांत ५३ चा उल्लेख असायचा, तो यामुळे.

इतकीशी ताकद वाढवली असती तर कोणाचं काय बिघडलं असतं?

शेजाऱ्याचं. माझ्या मते हाच या विषयाचा गाभा आहे.

तुमच्या घराला येणारी तांब्याची जोडी रस्त्यावर एकटी नसते. खांबावरच्या डीपीपासून, म्हणजे आसपासच्या घरांच्या जोड्या जिथे जोडतात त्या पेटीपासून, पुढे ती इतर जोड्यांबरोबर एकाच केबलमध्ये जाते, आणि पिलरच्या, म्हणजे रस्त्याकडेच्या मोठ्या जोडणी-कपाटाच्या, पुढे तर शेकडो जोड्या एका काळ्या नळीत एकमेकींना घासून जमिनीखालून जातात. एका जोडीतला संकेत थोडासा शेजारच्या जोडीत झिरपतोच. म्हणून प्रत्येक जोडीच्या दोन तारांना पीळ दिलेला असतो, म्हणजे एका वळणाला जे झिरपतं ते पुढच्या वळणाला बरंचसं खोडलं जातं. बरंचसं, पूर्ण नाही. ताकद जितकी वाढेल तितकं झिरपणं वाढतं. शिवाय त्या काळात लांब पल्ल्याच्या यंत्रणांमध्ये अनेक संभाषणं एकाच अॅम्प्लिफायरमधून जायची. त्यातलं एक फार मोठं झालं की त्याच्या ताणाने सगळ्यांचाच आवाज फाटायचा.

हे मी कानांनी ऐकलं आहे. माझ्या दुसऱ्या लाइनचा फोन उचलला की पहिल्या लाइनवरच्या मॉडेमची सळसळ स्पष्ट ऐकू यायची. लाइनमन काकांनी डीपी उघडली आणि बोट ठेवून दाखवलं. कुठल्या तरी दुरुस्तीत एका जोडीची एक तार आणि दुसऱ्या जोडीची एक तार मिळून माझी लाइन जोडली गेली होती. पीळ चुकीच्या सोबतिणीशी पडला होता. त्यांनी दोन टोकं काढून अदलाबदल केली, सळसळ गेली, आणि मॉडेमचा वेगही एक टप्पा वर चढला. तेव्हापासून ताकदीवरच्या मर्यादेला मी कधी जाचक म्हटलं नाही. माझ्या इंटरनेटसाठी शेजारच्या आजींनी मुंबईच्या मुलाशी बोलताना खरखर का ऐकावी?

हा अमेरिकेचा नियम भारतात लागू होता का?

नाही. एफसीसीचा अधिकार अमेरिकेपुरता. आपल्याकडे टेलिफोनचं जाळं १८८५ च्या तार कायद्याखाली चालत होतं, आणि जाळ्याला जोडायच्या उपकरणांच्या तांत्रिक अटी दूरसंचार विभागाचं टीईसी, म्हणजे टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग सेंटर, ठरवायचं. पण मॉडेमची खोकी, त्यांवरचा मजकूर आणि मासिकांतली माहिती अमेरिकेतून यायची. म्हणून ५३ चा आकडा इथेही सगळ्यांना पाठ झाला.

एक बारकावा विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा. डाउनलोडच्या वेळी तारेवर संकेत पाठवतं ते इंटरनेट कंपनीकडचं यंत्र, तुमचा मॉडेम नाही. त्यामुळे ताकदीची मर्यादा त्या टोकाला लागू होते. घरचा मॉडेम अमेरिकी बनावटीचा आहे म्हणून वेग अडला, हा तर्कच चुकीचा आहे.

आणखी एक फरक. अमेरिकेतल्या अनेक डिजिटल ट्रंक लाइनींमध्ये, म्हणजे एक्स्चेंजांना एकमेकांशी जोडणाऱ्या लाइनींमध्ये, एक्स्चेंज आपल्या कामासाठी ठरावीक मोजमापांतला शेवटचा बिट उसना घेत असे. आपण युरोपीय पद्धतीची ३० वाहिन्यांची ट्रंक वापरतो, तिच्यात या कामासाठी वेगळी जागा राखलेली असते. म्हणजे हा एक अडथळा आपल्याकडे नव्हताच. तरीही आपल्याकडे कमी वेग लागायचा.

भाग ६८ मुळात कशासाठी केला? वेग अडवायला?

उलट. दार उघडायला. १९६० च्या दशकापर्यंत अमेरिकेत एटी अँड टी कंपनीच्या लाइनला तिच्या स्वतःच्या उपकरणांखेरीज काहीही जोडायला बंदी होती. टेक्सासमधल्या थॉमस कार्टर यांनी कार्टरफोन नावाचं यंत्र बनवलं, त्यावर फोनचा रिसीव्हर ठेवला की समोरचा माणूस वायरलेसवरच्या माणसाशी बोलू शकायचा. १९६८ मध्ये एफसीसीने निकाल दिला की जाळ्याला इजा होत नसेल तर परकं उपकरण जोडता येईल. मग इजा म्हणजे काय, हे लिहून काढणं आलं. त्यातून १९७५ मध्ये भाग ६८ आला: किती व्होल्टेज, किती ताकद, कोणती चाचणी. या अटी पाळल्या की कोणीही आपला मॉडेम बनवून बाजारात आणावा.

जुन्या चित्रांत फोनचा रिसीव्हर रबरी वाट्यांमध्ये खोचलेला मॉडेम दिसतो तो बंदीच्या काळातला. तारेला हात लावायची मुभा नाही, म्हणून रिसीव्हरच्या तोंडात ओरडायचं आणि कानातून ऐकायचं. त्यात ३०० बिटच्या आसपासच वेग मिळायचा. १९८१ चा हेज कंपनीचा स्मार्टमॉडेम सरळ लाइनला जोडता येत होता, स्वतः डायल करत होता. भाग ६८ नसता तर तो विकता आला नसता.

५६के येण्याआधी ३३.६ वर, म्हणजे सेकंदाला ३३,६०० बिटवर, गाडी का अडली होती?

तिथे कायद्याचा काही संबंध नाही, तिथे गणित आहे. फोनची लाइन बोलण्यासाठी आखलेली, साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ. म्हणजे रुंदी ३,१०० हर्ट्झ. गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये दाखवून दिलं की रुंदी आणि गोंगाटाचं प्रमाण ठरलं की जास्तीत जास्त वेग ठरतो, मग मॉडेम कितीही हुशार असो. संकेत गोंगाटापेक्षा ३५ डेसिबल वर आहे असं धरलं तर उत्तर येतं ३६,००० च्या आसपास. मॉडेम या छताकडे पायरीपायरीने चढत गेले: व्ही.३२ चे ९,६००, १९९१ च्या व्ही.३२बिसचे १४,४००, १९९४ च्या व्ही.३४ चे २८,८००, मग १९९६ मध्ये ३३,६००. छताला डोकं टेकलंच.

मग ५६के ने शॅननचं गणित मोडलं का?

गणित मोडलं नाही, त्यातलं एक गृहीत बदललं. एक्स्चेंजमध्ये आवाजाचे आकडे करताना जी गोळाबेरीज होते तोच सगळ्यात मोठा गोंगाट होता. इंटरनेट कंपनी एक्स्चेंजला डिजिटल लाइनने जोडलेली असेल तर तिकडून येताना ही गोळाबेरीज होतच नाही, आकडेच आकडे थेट तुमच्या एक्स्चेंजपर्यंत येतात. संशोधक ब्रेंट टाउनशेंड यांनी हे हेरलं. यूएस रोबोटिक्सने एक्स२ काढला, रॉकवेल आणि ल्युसंट यांनी के५६फ्लेक्स. दोघांचं एकमेकांशी जुळेना, आणि ग्राहक मधल्या मध्ये अडकले. १९९८ मध्ये आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने व्ही.९० हे एकच मानक ठरवलं तेव्हा हा गोंधळ मिटला.

यात एक अट दडली आहे: वाटेत आकड्यांचा आवाज एकदाच व्हायला हवा, तोही तुमच्या एक्स्चेंजमध्ये. मध्ये जुनं, डिजिटल नसलेलं स्ट्रोजर किंवा क्रॉसबार एक्स्चेंज आलं, किंवा एका जोडीवर दोन फोन चालवणारी पेटी आली, की ५६के संपलं. मॉडेम गुपचूप व्ही.३४ वर उतरायचा. आमच्या गावात सी-डॉट या सरकारी संस्थेने घडवलेलं डिजिटल एक्स्चेंज होतं, हे आमचं भाग्य. डोंगरापलीकडच्या वाडीत रेडिओवर चालणारा फोन होता. तिथला एक शिक्षक नवा ५६के मॉडेम घेऊन आला होता, आणि त्याला हे सांगताना मला फार वाईट वाटलं होतं.

अपलोड ३३.६ च का?

तुमच्याकडून जाताना एक्स्चेंजमध्ये ती गोळाबेरीज होते, म्हणून. २००० मध्ये मंजूर झालेल्या व्ही.९२ ने अपलोड ४८,००० पर्यंत नेला.

पडद्यावरचा आकडा कसा वाचायचा?

हे जमलं की अर्धं निदान तिथेच होतं. १,१५,२०० दिसलं तर तो आकडा सोडून द्या. संगणक आणि मॉडेम यांच्यातल्या सिरियल केबलचा वेग आहे तो, फोन लाइनचा नाही. गिऱ्हाईक हा आकडा बघून हरखून जायचे.

खरा आकडा २,४०० च्या पटीत असेल, म्हणजे २६,४००, २८,८००, ३१,२००, ३३,६००, तर तुम्ही व्ही.३४ वर आहात, म्हणजे वाटेत कुठेतरी डिजिटल साखळी तुटली आहे किंवा लाइन फारच खराब आहे. ४२,६६६, ४४,०००, ४५,३३३, ४९,३३३ असे १,३३३ च्या अंतराने येणारे आकडे दिसले तर व्ही.९० लागलं आहे, आता झगडा फक्त तारेशी. मी काउंटरजवळच्या वहीत रोज सकाळचा पहिला आकडा लिहायचो. पानं उलटली की जूनमध्ये आकडे कसे कोसळतात ते सरळ दिसायचं.

पावसाळ्यात वेग का पडायचा?

सांधे. केबल तशी टिकाऊ असते, सांधे कच्चे असतात. डीपीचं झाकण नीट बसलं नाही की आत दमट हवा शिरते, तांब्यावर हिरवट थर चढतो, आणि स्क्रूखाली नुसती टेकलेली तार वाऱ्यासरशी जोडते-तुटते. बोलताना हे जाणवतही नाही, कानाला थोडी खरखर चालते. मॉडेमला चालत नाही. पाणी शिरलं की जोडीच्या दोन तारांमध्ये आणि जमिनीकडे गळती सुरू होते, आणि मग पिळाचा तोल जाऊन बाहेरचा गोंगाटही आत येतो.

माझा उपाय साधा होता. घरातला जुना रोझेट, म्हणजे भिंतीवरची फोनची जोडणी-डबी, बदलला, समांतर जोडलेला दुसरा फोन काढून टाकला, खांबापासूनची वायर मधला एकही सांधा न देता थेट आणली. ४१,३३३ चे ४४,००० झाले. अमेरिकेने नियम रद्द केला असता तरी माझा एक बिटही वाढला नसता. ही वायर बदलल्याने दोन टप्पे वाढले.

५३.३ ऐवजी खरंच ५६ मिळाले असते तर किती फरक पडला असता?

एक एमबी उतरवायला ५३,३३३ वर सुमारे १५७ सेकंद लागतात, ५६,००० वर १५०. सात सेकंदांचा फरक. ४४,००० वर तेच काम १९१ सेकंदांचं आणि पावसाळ्यातल्या २६,४०० वर ३१८ सेकंदांचं. कायद्याचे सात सेकंद आणि ओल्या सांध्याची जवळजवळ पावणेतीन मिनिटं. १९९८ मध्ये एफसीसीने स्वतःच ही मर्यादा सैल करायचा प्रस्ताव मांडला होता, आणि मासिकांत त्याची केवढी चर्चा! डीपीच्या झाकणाची चर्चा कोणी केली नाही.

"नो डायलटोन" का यायचं? लाइन तर चालू असायची.

प्रत्येक देशाचा डायलटोन वेगळा. अमेरिकेत ३५० आणि ४४० हर्ट्झ एकत्र, आपल्याकडे ४०० हर्ट्झवर २५ हर्ट्झची थरथर. अमेरिकी धर्तीवर बसवलेल्या मॉडेमला आपला टोन ओळखू येत नसे. एटीएक्स३ ही आज्ञा दिली की तो टोनची वाट न बघता डायल करतो. जुना मॉडेम आज जोडणार असाल तर आधी हेच करून बघा. एक्स्चेंज जुनं असेल तर टोन डायलिंगच्या एटीडीटी ऐवजी एटीडीपी, म्हणजे पल्स डायलिंग.

काही मॉडेम थोड्या प्रयत्नांनंतर डायल करायलाच नकार देत, तो बिघाड होता का?

बिघाड नव्हे, तोही नियमच. लागत नसलेल्या नंबरावर यंत्राने अखंड डायल करत राहू नये म्हणून अनेक देशांनी पुनःप्रयत्नांवर मर्यादा घातली होती, आणि त्या देशासाठीचे मॉडेम ती पाळायचे. पडद्यावर डिलेड असा शब्द यायचा. थोडा वेळ थांबायचं, पुन्हा करायचं.

भारतात डायल-अपच्या सेवेवर काही नियम होते का?

होते. विदेश संचार निगम या तेव्हाच्या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुलं केलं तेव्हा ९.६ केबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला ९,६०० बिटचा, वेगही मोठा वाटायचा. नोव्हेंबर १९९८ मध्ये खाजगी कंपन्यांना परवाने देण्याचं धोरण आलं. २००१ मध्ये ट्राय या आपल्या दूरसंचार नियामकाने डायल-अप आणि लीज्ड लाइन (भाड्याने घेतलेली स्वतंत्र लाइन) इंटरनेटच्या दर्जाचे नियम काढले. खातं किती वेळात चालू व्हावं, किती प्रयत्नांत आणि किती वेळात कनेक्शन लागावं, कंपनीचं केंद्र किती वेळ बंद राहू शकतं, अशा बाबी त्यात होत्या. माझ्या मते तो शहाणा नियम होता, कारण कंपनीच्या हातात जे आहे त्याचाच त्यात हिशेब मागितला होता. गिऱ्हाइकाला सगळ्यात जास्त त्रास व्हायचा तो एंगेज टोनचा. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी तर एकेक कनेक्शन लागायला अर्धा तास जायचा, आणि दारात पालक उभे.

२००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान २५६ केबीपीएस ही रेघ ओढली. डायल-अप त्या रेघेच्या खूप खाली राहिलं.

दुकानातली कार्डाची मशीन डायल-अपवर १,२०० च्या वेगाने का चालत?

कारण एका व्यवहारात मजकूर अगदी थोडा असतो. जास्त वेगाचा मॉडेम आधी लाइनची लांबलचक तपासणी करतो, ती किर्र-खर्र-टणटण तुम्हाला आठवत असेल. व्ही.९० ला त्यातच वीसएक सेकंद जात. कमी वेगाचा मॉडेम पटकन जोडला जातो, चार ओळी पाठवतो आणि फोन ठेवतो. तिथे हळू मॉडेमच लवकर काम उरकतो.

आज घरी डायल-अप चालवून बघता येईल का?

अमेरिकेत एओएलने ३० सप्टेंबर २०२५ रोजी आपली डायल-अप सेवा बंद केली. पण दोन मॉडेम एकमेकांना जोडून बघायला कोणी कंपनी लागत नाही. अडचण फोनची आहे. घरी फायबरवरचा फोन असेल तर आवाज इंटरनेटच्या पाकिटांतून जातो, आणि एखादं पाकीट मागेपुढे झालं की मॉडेम कोलमडतो. राउटरमध्ये फोनसाठी आवाजाचं जी.७११ हे रूप निवडा, आवाज दाबून लहान करणाऱ्या जी.७२९ वर मॉडेम चालणार नाही. आवाजातले शांत क्षण गाळण्याची सोय बंद करा. मग मॉडेमला आज्ञा देऊन वेग १४,४०० वर बांधून टाका. ५६के इथे मिळणारच नाही, कारण समोरच्या टोकाला डिजिटल लाइनवर बसलेलं कंपनीचं यंत्र नाही. दोन घरगुती मॉडेम समोरासमोर आले की उत्तम लाइनवरही ३३.६ हेच छत. गेल्या महिन्यात एका विद्यार्थ्याने असाच प्रयोग केला. १४,४०० वर तीनदा तुटलं, ९,६०० वर लागलं आणि वीस मिनिटं टिकलं.